विश्लेषण : पडद्यावरचे भविष्य आधी कागदावर कोणी काढले? फ्रेंच विज्ञान-कॉमिक्सचे श्रेय आणि मोबदल्याचा प्रश्न

‘स्टार वॉर्स’पासून ‘ब्लेड रनर’पर्यंत आणि ‘एलियन’पासून ‘स्नोपिअर्सर’पर्यंत अनेक चित्रपटांवर फ्रेंच कॉमिक्सची छाप आहे. मात्र ती चित्रे काढणाऱ्यांची नावे मोजक्यांनाच ठाऊक आहेत. आता एआयमुळे हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. एखाद्याने आयुष्यभर घडवलेल्या शैलीवर हक्क कोणाचा?

फ्रान्सच्या नैऋत्य भागातील आंगुलेम या छोट्या शहरात १९७४ पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस कॉमिक्सचा महोत्सव भरतो. युरोपातील या कलेच्या सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी हा एक. जानेवारी २०२६ चा महोत्सव मात्र रद्द करावा लागला. आयोजक कंपनीच्या कारभाराबद्दल तक्रारी साचत गेल्या, लेखक-चित्रकारांनी बहिष्काराची हाक दिली, प्रकाशकही मागे हटले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महोत्सव होणार नसल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या नावावर मेळा भरतो त्यांनीच पाठ फिरवल्यावर मांडव कोणासाठी घालायचा?

या बहिष्कारामागे केवळ एका कंपनीवरचा राग नव्हता. ‘आमच्या कल्पनांवर सगळे चालते, पण आमच्या हाती काय येते?’ ही फ्रेंच कॉमिक्सकारांची तक्रार जुनी आहे. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा काढणाऱ्यांच्या बाबतीत ती अधिक टोकदार होते, कारण त्यांच्या कल्पनांवर जगभरचा चित्रपट उद्योग पोसला गेला आहे.

फ्रान्समध्ये कॉमिक्सला इतके महत्त्व का?

फ्रेंचमध्ये कॉमिक्सला ‘बांद देसिने’ म्हणतात, म्हणजे चित्रांची पट्टी. बोलताना नुसते ‘बेदे’. तिकडे तिला ‘नववी कला’ मानले जाते आणि ती शिष्टाचारापुरती मानली जात नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने कॉमिक्सचे भव्य प्रदर्शन भरवले होते. आपल्याकडे कॉमिक म्हटले की रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरची पातळ पुस्तिका डोळ्यांसमोर येते. फ्रान्समध्ये ते बहुधा पुठ्ठा बांधणीचे, मोठ्या आकाराचे, साधारण ४८ पानांचे रंगीत पुस्तक असते. त्याला ‘अल्बम’ म्हणतात आणि ते घरातल्या कपाटात कादंबऱ्यांशेजारी ठेवले जाते. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये कॉमिक्सच्या सुमारे साडेआठ कोटी प्रती विकल्या गेल्या. त्या वर्षी विकल्या गेलेल्या दर चार पुस्तकांपैकी एक कॉमिक होते. त्यात निम्म्याहून अधिक वाटा जपानी मांगाचा होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

सुरुवातीला मात्र हे मुलांचे वाचन होते. १९४९ मध्ये फ्रान्सने मुलांच्या प्रकाशनांवर देखरेख ठेवणारा कायदा केला. त्यामुळे प्रकाशक जपून पाऊल टाकू लागले. त्या चौकटीला पहिला मोठा धक्का दिला तो जाँ-क्लोद फोरे यांच्या ‘बार्बरेला’ने. १९६२ मध्ये एका मासिकातून सुरू झालेली ही अंतराळकथा १९६४ मध्ये पुस्तकरूपात आली. तिची नायिका मुक्त, बेधडक आणि प्रौढ वाचकांसाठी होती. पुस्तकावर सरकारी निर्बंध आले, तरी १९६८ मध्ये जेन फोंडा यांना घेऊन त्यावर चित्रपट झाला. कॉमिक्स मोठ्यांसाठीही असू शकते आणि त्याची पहिली वाट विज्ञानकथेतून जाते, हे तेव्हाच दिसले.

‘व्हॅलेरियन’चे वेगळेपण काय?

१९५९ मध्ये रने गोसिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पिलोत’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘अ‍ॅस्टेरिक्स’ त्याच्या पहिल्याच अंकात आले. याच साप्ताहिकात ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ‘व्हॅलेरियन’ सुरू झाले. लेखक पिएर क्रिस्तँ, चित्रकार जाँ-क्लोद मेझिएर. दोघे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचे मित्र. मेझिएर यांना काऊबॉय व्हायचे होते, म्हणून ते अमेरिकेत गेले. क्रिस्तँ तेव्हा तिकडच्या विद्यापीठात शिकवत होते. तिथे दोघे पुन्हा भेटले आणि एकत्र कामाला लागले. मेझिएर यांची बहीण एव्हलिन त्रांले ही मालिका रंगवत असे.

व्हॅलेरियन हा अठ्ठाविसाव्या शतकातला, काळात आणि अवकाशात फिरणारा सरकारी हस्तक. त्याच्या सोबतीला लोरलीन. ती अकराव्या शतकातल्या फ्रान्समधली गावाकडची मुलगी. तो वरून आलेले आदेश पाळतो, ती त्यांना प्रश्न विचारते. बहुतेक वेळा बरोबर ठरते तीच. त्या काळच्या साहसकथांत हे नवीन होते. क्रिस्तँ पुढे बोर्दोमधील पत्रकारिता शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्यामुळे त्यांच्या परग्रहांवर केवळ राक्षस आणि लेझरच्या बंदुका नसतात. तिथे वसाहतवाद असतो, कामगार असतात, भ्रष्ट राज्यकर्ते असतात. सुरुवातीच्याच एका कथेत ध्रुवावरचा बर्फ वितळून न्यूयॉर्क पाण्याखाली गेलेले दिसते. ही कथा १९७० च्या आधीच कागदावर उतरू लागली होती.

१९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला आणि ‘व्हॅलेरियन’च्या वाचकांना त्यात ओळखीच्या गोष्टी दिसू लागल्या. चपट्या यानाचा आकार, जाळलेला चेहरा झाकणारे शिरस्त्राण, पुढच्या भागांत गोठवून ठेवलेला नायक आणि राजकन्येचा तो गाजलेला पोशाख. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. दोन्हीकडचे निर्माते त्याच जुन्या अमेरिकी विज्ञानकथा वाचून मोठे झाले होते. मेझिएर न्यायालयात गेले नाहीत. त्यांनी १९८३ मध्ये एक चित्र काढले. एका अंतराळातल्या मद्यालयात ‘स्टार वॉर्स’ची जोडी आणि व्हॅलेरियन-लोरलीन समोरासमोर बसले आहेत. पाहुण्यांना यांना इथे पाहून आश्चर्य वाटते आणि लोरलीन सुचवते, की आम्ही इथले जुने गिऱ्हाईक. चित्रकाराने चित्रानेच उत्तर दिले.

२०१७ मध्ये ल्यूक बेसाँ यांनी ‘व्हॅलेरियन’वर चित्रपट काढला. फ्रेंच चित्रपटांच्या इतिहासातील सर्वांत खर्चिक चित्रपटांत तो गणला जातो. तो पाहून अनेक प्रेक्षकांनी ‘हे तर स्टार वॉर्ससारखे’ असा शेरा मारला. आधी कोण आणि नंतर कोण याची नोंद लोकांपर्यंत न पोहोचल्याचा हा परिणाम. आणखी एक गंमत म्हणजे २००७ मध्ये पुस्तकमालिकेचे नाव बदलून ‘व्हॅलेरियन आणि लोरलीन’ करण्यात आले होते. चित्रपटाच्या शीर्षकातून लोरलीन पुन्हा गायब झाली.

‘मेताल उर्लां’ने काय बदलले?

मे १९६८ च्या आंदोलनाचे वारे ‘पिलोत’च्या कार्यालयातही शिरले. तरुण चित्रकारांनी संपादक गोसिनी यांना बोलावून अक्षरशः जाब विचारला. गोसिनी फार दुखावले. यातला विरोधाभास असा, की कलाकारांच्या हक्कांसाठी एकत्र येण्याची मागणी केल्यामुळे १९५६ मध्ये खुद्द गोसिनी यांनाच नोकरी गमवावी लागली होती. पिढी बदलली, पण भांडण तेच राहिले. काय काढायचे हे कोण ठरवणार आणि काढलेले कोणाचे?

या भांडणाला चार जणांनी वेगळे उत्तर दिले. चित्रकार जाँ जिरो आणि फिलिप द्रुईए, पत्रकार-लेखक जाँ-पिएर दिओने आणि आर्थिक बाजू सांभाळणारे बर्नार फारकास यांनी डिसेंबर १९७४ मध्ये स्वतःची प्रकाशन संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘संयुक्त मानवसदृश मंडळी’ असा होतो. जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे नियतकालिक आले. नाव ‘मेताल उर्लां’, म्हणजे किंचाळणारा धातू. मालक कलाकारच, संपादकही तेच. त्यामुळे आठ पाने एकही शब्द नसलेली कथा छापायची का, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नव्हते.

तशी कथा त्यांनी छापलीही. जिरो यांनी ‘मोबियस’ या टोपणनावाने काढलेली ‘आर्झाक’. एक मूक स्वार पंख असलेल्या प्राण्यावर बसून ओसाड प्रदेशावरून उडत जातो, एवढेच. नायकाच्या नावाचे स्पेलिंगही दर भागाला वेगळे. द्रुईए यांनी चौकटी मोडून पूर्ण पानभर मंदिरांसारखी याने आणि महाकाय दैत्य रेखाटले. पत्नीच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये त्यांनी ‘ला न्वी’ म्हणजे ‘रात्र’ हे पुस्तक काढले. कॉमिक्समध्ये इतके उघडे दुःख तोवर क्वचितच आले होते.

१९७७ मध्ये या नियतकालिकाची अमेरिकी आवृत्ती ‘हेवी मेटल’ सुरू झाली आणि ही चित्रे हॉलीवूडमधील टेबलांवर पोहोचली. मूळ संस्थेची आर्थिक घडी मात्र कधीच नीट बसली नाही. कंपनीची मालकी बदलत गेली आणि १९८७ मध्ये मासिक बंद पडले. पुढे ते दोनदा पुन्हा सुरू झाले. कलाकारांनी मालक होणे गरजेचे असते, पण तेवढ्याने भागत नाही. हिशेबाची वही सांभाळणेही तितकेच गरजेचे असते.

मोबियस यांची छाप कुठे कुठे दिसते?

जाँ जिरो (१९३८-२०१२) यांची दोन आयुष्ये होती. ‘जिर’ या सहीने ते ‘ब्लूबेरी’ ही वेस्टर्न मालिका काढत आणि ‘मोबियस’ या सहीने विज्ञानकथा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिग्दर्शक आलेहांद्रो जोदोरोव्स्की यांनी ‘ड्यून’ कादंबरीवर चित्रपट करायचे ठरवले. मोबियस यांनी त्याची दृश्ये रेखाटली. ती चित्रे हजारोंच्या घरात होती. पैसे उभे राहिले नाहीत, चित्रपट बुडाला. पण त्यासाठी पॅरिसमध्ये जमलेली माणसे पांगताना त्या कल्पना सोबत घेऊन गेली.

त्यातलेच एक अमेरिकी लेखक डॅन ओबॅनन. त्यांच्या पटकथेवर मोबियस यांनी ‘द लाँग टुमॉरो’ ही छोटी गुप्तहेरकथा काढली. खोल दरीसारखे उभे शहर, खाली खाली उतरत जाणारी गर्दी, वर उडणारी वाहने. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’चे शहर रचताना आपल्यासमोर ही चित्रे होती, हे रिडली स्कॉट यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. विज्ञान कादंबरीकार विल्यम गिब्सन यांनीही हे ऋण मान्य केले आहे. ओबॅनन यांनीच पुढे ‘एलियन’ लिहिला. त्यातले अवकाशपोशाख मोबियस यांनी रेखाटले. ‘ट्रॉन’ आणि ‘द फिफ्थ एलिमेंट’साठीही त्यांनी काम केले. बुडालेल्या ‘ड्यून’मधल्या कल्पना घेऊन जोदोरोव्स्की आणि मोबियस यांनी १९८० ते १९८८ या काळात ‘द इंकल’ ही सहा खंडांची मालिका रचली. पुढे ‘फिफ्थ एलिमेंट’ आणि ‘इंकल’ यांच्यातील साम्याचा वाद फ्रेंच न्यायालयात गेला. दावा टिकला नाही.

यातली दोन प्रकारची नाती वेगळी करून पाहायला हवीत. ‘एलियन’ आणि ‘ट्रॉन’मध्ये मोबियस यांना काम मिळाले, नाव मिळाले, पैसे मिळाले. ‘ब्लेड रनर’मध्ये जाहीर कबुली मिळाली. इतर असंख्य चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये यातले काहीच मिळाले नाही.

सरळ व्यवहाराचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते दक्षिण कोरियातून येते. जाक लोब यांनी लिहिलेली आणि जाँ-मार्क रोशेत यांनी रेखाटलेली ‘ल त्रान्सपेर्सनेज’ ही कथा १९८२ पासून एका मासिकात आली आणि १९८४ मध्ये पुस्तक झाली. पृथ्वी गोठली आहे. वाचलेली माणसे एका न थांबणाऱ्या, १००१ डब्यांच्या गाडीत राहतात. पुढच्या डब्यांत चैन, शेवटच्या डब्यांत चेंगराचेंगरी. ही गाडी समजावून सांगायला मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला वेगळी प्रस्तावना लागणार नाही. लोब १९९० मध्ये वारले. पुस्तक विस्मरणात चालले होते.

मग बाँग जून-हो यांना ते सोलमधल्या एका कॉमिक्सच्या दुकानात सापडले. रीतसर हक्क घेतले गेले. २०१३ च्या ‘स्नोपिअर्सर’मध्ये गाडीतला एक चित्रकार कोळशाने माणसांचे चेहरे काढतो. ती चित्रे रोशेत यांच्याच हातची आहेत. चित्रपटामुळे पुस्तक पुन्हा छापले गेले, नव्या भाषांत गेले, २०२० मध्ये त्यावर मालिकाही आली. रोशेत हे नाव नव्या वाचकांना कळले. म्हणजे श्रेय दिल्याने चित्रपटाचे काही कमी झाले नाही.

बेलग्रेडमध्ये जन्मलेले आणि लहानपणी पॅरिसला आलेले एंकी बिलाल यांचा किस्सा आणखी मजेदार. त्यांच्या ‘निकोपोल’ या तीन पुस्तकांच्या मालिकेतील शेवटच्या भागात (१९९२) बुद्धिबळ आणि बॉक्सिंग आलटून पालटून खेळले जातात. एका डच कलाकाराने २००३ मध्ये ही कल्पना खरोखर रिंगणात उतरवली. आज ‘चेसबॉक्सिंग’च्या स्पर्धा भारतातही होतात. हा खेळ एका कॉमिकच्या पानावर जन्मला, हे त्यातल्या किती खेळाडूंना माहीत असेल?

या परंपरेत सगळे गोडच आहे का?

नाही. ‘मेताल उर्लां’च्या पानांवर स्वातंत्र्य होते, पण ते मुख्यतः पुरुषांचे होते. उघड्या स्त्रीदेहांचा तिथे सुकाळ होता आणि स्त्री चित्रकारांचा दुष्काळ. त्याच संस्थेने १९७६ मध्ये ‘आ! नाना’ हे स्त्रियांनी चालवलेले कॉमिक्स नियतकालिक काढले. शांताल मोंतेलिए यांच्यासारख्या चित्रकार त्यात होत्या. पोलिसी राज्य आणि पाळत यांवरच्या त्यांच्या विज्ञानकथा आजही ताज्या वाटतात. १९७८ मध्ये ‘आ! नाना’ अल्पवयीनांना विकण्यावर बंदी आली आणि अवघ्या नऊ अंकांनंतर ते बंद पडले. ज्या १९४९ च्या कायद्याचा उल्लेख वर आला, तोच इथे वापरला गेला. त्याच काळात पुरुषांची तितकीच धीट नियतकालिके मात्र चालू राहिली.

२०१६ मध्ये आंगुलेमच्या सर्वोच्च सन्मानासाठी ३० नावांची यादी जाहीर झाली. त्यात एकही स्त्री नव्हती. यादीतल्या अनेक पुरुषांनीच आपली नावे मागे घेतली आणि आयोजकांना यादी रद्द करावी लागली. आपल्याला जगाने श्रेय दिले नाही म्हणणाऱ्यांच्या घरातही श्रेयाचे वाटप समान नव्हते, हे नोंदवणे गरजेचे आहे.

इतका मोठा बाजार, मग पैसे जातात कुठे?

फ्रेंच कायदा लेखकाच्या बाजूचा मानला जातो. कलाकृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा ‘नैतिक हक्क’ तिथे विकताच येत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत सुपरमॅनच्या दोन निर्मात्यांनी आपला नायक १३० डॉलरला विकला. तशी वेळ फ्रान्समध्ये सहसा येत नाही. शिवाय १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही, म्हणून छोटी पुस्तकांची दुकाने टिकून आहेत.

तरीही २०१६ मध्ये कॉमिक्सकारांच्या मोठ्या पाहणीत धक्कादायक चित्र दिसले. उत्तर देणाऱ्यांपैकी ५३ टक्के जणांचे वार्षिक उत्पन्न किमान वेतनाहून कमी होते. ३६ टक्के दारिद्र्यरेषेखाली होते. गणित सोपे आहे. समजा, १५ युरोंचा अल्बम आहे आणि मानधन किमतीच्या दहा टक्के. म्हणजे प्रतीमागे दीड युरो. तो लेखक, चित्रकार आणि कधी रंगकार यांच्यात वाटला जातो. आधी दिलेली उचल त्यातून वसूल होईपर्यंत पुढचा पैसा येत नाही. एक अल्बम काढायला वर्ष सहज जाते. दहा हजार प्रती खपल्या तर एकूण १५ हजार युरो, तेही दोघांत किंवा तिघांत. याच काळात दरवर्षी बाजारात येणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढत गेली. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दुकानातले कमी दिवस येऊ लागले.

२०२० मध्ये सरकारनेच नेमलेल्या ब्रुनो रासीन यांच्या अहवालाने लेखक-कलाकारांची ही ओढाताण मान्य केली. शिफारशी झाल्या. अंमलबजावणी अपुरी राहिली, अशी कलाकार संघटनांची तक्रार आहे. आंगुलेमच्या बहिष्काराला ही पार्श्वभूमी आहे.

एआयमुळे नेमके काय बदलले?

मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे घरोघरचे फोटो ‘घिबली स्टाइल’मध्ये बदलण्याची लाट आली होती. डिजिटल डेस्कवर आम्हीही ‘घिबली इमेज कशी बनवाल?’ या बातम्या चालवल्या आणि त्या खपल्याही. घिबलीचे हायाओ मियाझाकी यांनी ‘नाउसिका’ रचताना मोबियस यांच्या ‘आर्झाक’चा प्रभाव घेतला होता आणि तो जाहीरपणे मान्य केला होता. मोबियस यांनी आपल्या मुलीचे नाव ‘नाउसिका’ ठेवले. पॅरिसमध्ये २००४-०५ मध्ये दोघांच्या चित्रांचे एकत्र प्रदर्शन भरले.

प्रेरणा अशी प्रवास करते. एक माणूस दुसऱ्याचे काम वर्षानुवर्षे पाहतो, हाताला वळण लावतो, त्यात स्वतःचे काही घालतो आणि कोणाकडून शिकलो ते सांगतो. मोबियस स्वतः अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांकडून शिकले होते. त्यामुळे ‘सगळेच उसने घेतात’ हा युक्तिवाद खरा आहे, पण अर्धाच. यंत्राला दिलेल्या आज्ञेत ‘मोबियसच्या शैलीत’ असे लिहिले की काही सेकंदांत चित्र येते. तिथे नाव कबुली म्हणून येत नाही, ते फिल्टरचे बटण होते. बटण दाबणाऱ्याला त्यामागे माणूस होता हेही कळण्याची गरज उरत नाही.

इंजिनीअरिंग शिकल्यामुळे मला या तंत्राचे कौतुक आहेच. पण मॉडेल हवेतून शिकत नाही, कोणीतरी काढलेल्या चित्रांवर शिकते, हेही त्याच अभ्यासक्रमात शिकवतात. कायदा विशिष्ट कलाकृतीला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. तेच योग्यही आहे. शैलीवर मक्तेदारी आली तर उद्या कोणी काही काढूच शकणार नाही. म्हणून वाद शैलीवर नको, मूळ चित्रे परवानगीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरण्यावर हवा. मार्च २०२५ मध्ये फ्रान्समधील प्रकाशक आणि लेखकांच्या संघटनांनी ‘मेटा’विरुद्ध याच मुद्द्यावर पॅरिसच्या न्यायालयात धाव घेतली आहे.

वस्तू, शैली आणि हक्क यांत लोक किती गल्लत करतात याचे उदाहरण पुन्हा ‘ड्यून’चेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोदोरोव्स्की यांच्या त्या न झालेल्या चित्रपटाच्या चित्रग्रंथाची एक प्रत पॅरिसमध्ये लिलावात निघाली. अंदाज २५ ते ३५ हजार युरोंचा होता. क्रिप्टो गुंतवणूकदारांच्या एका गटाने ती तब्बल २६ लाख ६० हजार युरोंना घेतली आणि त्यावर मालिका काढण्याचे मनसुबे जाहीर केले. मग लोकांनी त्यांना आठवण करून दिली, की पुस्तक विकत घेतले म्हणजे त्यातल्या कथेचे आणि चित्रांचे हक्क मिळत नाहीत. त्या रकमेत किती तरुण चित्रकारांची वर्षे निघाली असती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आपण यातून काय घ्यायचे?

हा वाद दूर देशातला वाटेल, पण मुंबई-पुण्यात ग्राफिक नॉव्हेल, अ‍ॅनिमेशन आणि ओटीटीसाठी चित्रे काढणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५७ नुसार निर्मात्याला नावाचा आणि विद्रूपीकरण रोखण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार, संगीतकार आणि लेखक यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो करार करूनही सोडता येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी संसदेत आणि बाहेर किल्ला लढवला. मात्र ही तरतूद साहित्य आणि संगीतापुरती आहे. चित्रपटाचे जग कागदावर पहिल्यांदा उभे करणारा चित्रकार तिच्यात येत नाही.

माझ्या मते ही फट बुजवायला हवी. दृश्य संकल्पना काढणाऱ्यालाही तोच हक्क मिळायला हवा. तोपर्यंत निदान करार वाचायला हवा. आपल्या कायद्यात एक उपयोगी गोष्ट आहे. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आवर्जून घातलेले असतात. सही करण्याआधी त्यांच्याकडे बोट दाखवून ‘याचे वेगळे पैसे किती?’ असे विचारता येते. आणि तुम्ही पगारी नोकरीत असाल, तर वेगळा करार नसताना कामाचा पहिला मालक कंपनीच असते, हेही माहीत असलेले बरे.

वाचक-प्रेक्षकांच्या हाती काय आहे? मूळ पुस्तक शोधणे. यातली बरीच पुस्तके इंग्रजीत उपलब्ध आहेत. विज्ञानकथेची सुरुवात ‘व्हॅलेरियन’पासून करावी, चित्रांसाठी ‘आर्झाक’ पाहावे, आजच्या राजकारणासाठी ‘स्नोपिअर्सर’ वाचावे. नव्या पिढीतले हवे असेल तर माथ्यू बाब्ले यांचे २०२० चे ‘कार्बन अँड सिलिकॉन’ आहे. दोन कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजातीचा ऱ्हास पाहतात, अशी ती कथा. अद्भुतकथेची आवड असलेल्यांसाठी लुईस त्रोंदेम आणि जोआन स्फार यांची खट्याळ ‘डंजन’ मालिका आहे.

आणि बातमीदारांच्या हाती? चित्रपटाच्या बातमीत दिग्दर्शक आणि नायकाच्या जोडीला मूळ पुस्तकाचा लेखक आणि चित्रकार यांची नावे लिहायला दोन ओळी पुरतात. ‘एका कॉमिकवर आधारित’ एवढेच लिहून आपण मोकळे होतो, ती सवय सोडायला हवी. मेझिएर २०२२ मध्ये गेले, क्रिस्तँ २०२४ मध्ये. त्यांच्या कल्पना वापरणारे चित्रपट अजून कित्येक वर्षे येत राहतील. कायदा बदलायला वेळ लागेल, खटले रेंगाळतील. त्या दोन ओळी लिहायला मात्र कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.